कापलेले कोपरे

मावशीने डावातला पत्ता टेबलावर ठेवला आणि समोरच्या मुलीने तो उचलून तिच्याच हातात परत दिला. झालं ते एवढंच. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. गोळ्यांच्या पट्ट्या हाताळून तिच्या बोटांना नाजूकपणा आला होता. पत्ता परत देतानाही तिने तो कडांनाच धरला होता. "आजी, हा आता चालत नाही ना," ती म्हणाली, "आजपासून नवा संच लागला." मावशीला वाटलं, आपण पत्ता उलटा टाकला असेल. तिने तो सरळ करून पुन्हा मांडला. मुलगी कानकोंडी झाली. मग तळघरातल्या त्या पत्त्यांच्या दुकानाचा मालक टेबलापाशी आला. अंगाने दांडगा, छातीपर्यंत दाढी, आणि आवाज मात्र मांजराच्या पिल्लाचा. वाकून, आजाऱ्याला सांगावं तसं तो म्हणाला, "आजी, जुने दोन संच गेले. म्हणजे इथल्या सामन्यांतून गेले. मी दारावर लिहून लावलं होतं." दारावर काहीतरी चिकटवलंय हे मावशीने पायऱ्या उतरताना पाहिलं होतं. वाचलं नव्हतं. वाचता यायला लागून बरीच वर्षं झाली, तरी भिंतीवरचं लिखाण आपल्यासाठी नसतं ही तिच्या डोळ्यांची समजूत काही गेली नव्हती. पण तिला लागलं ते हे नव्हतं. शेजारच्या टेबलावर तिचा जावई खेळत होता. दाढीवाला बोलायला लागला तशी जावयाने मान वर केली, सासूकडे पाहिलं, आणि लगेच हातातल्या पत्त्यांत डोकं घातलं. म्हणजे त्याला ठाऊक होतं. मावशीने नीट पाहिलं. त्याच्या पत्त्यांवरची प्लास्टिकची कव्हरं जुनीच होती, कडेला पिवळी पडलेली, आणि आतली चित्रं सगळी नवी होती.

परत आलेला पत्ता जाळं विणणारीचा होता. बंदराच्या धक्क्यावर पाय सोडून एक बाई बसलीय, मांडीवर जाळं, तोंडात दोऱ्याचं टोक. खाली एकच ओळ: ही जागा सोडत नाही. मावशीने आयुष्यात स्वतःहून वाचलेलं पहिलं वाक्य ते. त्याआधी तिचं वाचन म्हणजे धाग्यांचे रंग. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिची उमर गेली, तिथे कुठल्या विभागाची चादर कुठली हे काठावरच्या टाक्यांवरून कळायचं. लाल दोन टाके म्हणजे बाळंतिणी, निळा एक म्हणजे हाडांचे पेशंट. तेवढ्यावर तिचं भागलं होतं. मग लेक आजारी पडली. मावशी कामावरून निवृत्त होऊन लेकीच्या घरी आली ती चार दिवसांसाठी, आणि राहिली. जावई लिफ्टच्या देखभालीच्या कामावर दिवसभर बाहेर. लेक पलंगावर उशांना टेकून, आणि पांघरुणावर हे पत्ते. ती आणि तिचा नवरा भेटले होते ते ह्याच तळघरात, समोरासमोर खेळताना, आणि तिने त्याला इतकं वाईट हरवलं होतं की तो म्हणे तिच्या मागोमाग बसथांब्यापर्यंत कारणं विचारत गेला. आता तिला दिवसा कुणी जोडीदार नव्हता. "आई, तुला चित्रं कळतात ना? मग अक्षरं का कळू नयेत? तीपण चित्रंच आहेत, जरा काटकुळी," असं म्हणून तिने आईला बसवलं. मावशी आधी पत्ते ओळखायला शिकली, मग पत्त्यांवरचे शब्द, आणि मग कधीतरी दुधाच्या पिशवीवरचं लिखाण आपोआप वाचलं गेलं तेव्हा दचकून तिने पिशवी खाली ठेवली. लेक पलंगावरून हसत होती. हसताना खोकला यायचा, तरी हसत होती.

त्या जुन्या खेळात बसून राहण्याला मोल होतं. दोघांचं एकेक बंदर, बंदरामागे दीपगृह, आणि दीपगृहापुढे पाच जागा. त्या जागांवर माणसं मांडायची: पहारेकरी, नावाडी, हमाल, जाळं विणणारी. समोरच्याची रांग फोडून जो दीपगृहापर्यंत पोचेल तो जिंकला. पण जो पत्ता जागेवरून हलला नाही त्याचा जोर दर फेरीला वाढायचा, आणि जाळं विणणारी शेजारी असेल तर दुपटीने. लेकीने आईसाठी जुळवून दिलेला डाव अशा बसणाऱ्यांचाच होता. "तुझ्या स्वभावाचा आहे," ती म्हणाली होती. "तू कुठे एकदा बसलीस की उठत नाहीस." जावयाचा डाव उलटा, सगळा धावाधाव करणाऱ्यांचा. तो येऊन धडकायचा, मावशीची भिंत उभी असायची, आणि भिंतीला कुठे खिंडार पडलंच तर दोघंही अडायचे. कारण सासूचा पहारेकरी जावयाने असा सरळ उचलून बाजूला टाकायचा कसा? "घेऊ का, आई?" तो विचारायचा. "घ्या ना, जावईबापू, त्यात काय," मावशी म्हणायची. "नाही, तुम्हाला तो लागणार असेल तर राहू दे." "अहो, घ्या म्हणतेय ना." लेक उशीत डोकं आपटून घ्यायची. "तुम्ही खेळताय की एकमेकांना आग्रह करून वाढताय? घे रे तो, नाहीतर मी उठून घेईन!" ती गेल्यावर हे ओरडणारं कुणी राहिलं नाही, आणि त्यांचे डाव आणखीच लांबले. रविवारी दुपारी मांडलेला खेळ दिवेलागणीपर्यंत चालायचा. घरात दुसरं बोलणं फारसं नव्हतं. घेऊ का, घ्या, राहू दे, घ्या ना. मावशीला कधी वाटायचं, ह्यातच सगळं बोलून होतंय.

आता हातातला पत्ता पिशवीत घालून ती तळघरात भिंतीकडच्या बाकावर बसून बाकीच्यांचे डाव बघत राहिली. नव्या संचाचं नाव भरती. दर फेरीच्या शेवटी पाणी चढायचं, आणि जो पत्ता जागचा हलला नसेल त्यावर खाराचा एक पांढरा ठिपका ठेवायचा. तीन ठिपके झाले की पत्ता वाहून गेला. कुणी मारायला नको, कुणी विचारायला नको. आणि नवे पत्ते असे, की त्यांचा जोर वाहून गेलेल्यांवरच वाढायचा. इतकी वर्षं ह्या तळघरात एका ट्रकड्रायव्हरचा दबदबा होता. भिंतवाला म्हणत त्याला. त्याने मांडलं की समोरचा घड्याळ बघायला लागायचा. आज तो औषधवाल्या मुलीपुढे बसला आणि चहा गार व्हायच्या आत त्याची रांग धुऊन गेली. "हा खेळ आहे का?" तो उठून म्हणाला. "ही नुसती उठबस आहे. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी काय करायचं?" सगळे हसले, तोही हसला, पण पत्ते गोळा करताना त्याचे हात उगाच हळू चालले होते. काचेच्या कपाटात जे जुने पत्ते दिमाखात मांडलेले असत, ते दाढीवाल्याने चपलांच्या खोक्यात भरून खाली ठेवले होते. मावशीने जावयाचा डाव पाहिला. तो हरत होता. नवे पत्ते त्याच्याही हातात अजून बसले नव्हते. पण समोरच्याचा नावाडी त्याने न विचारता उचलला. अर्थात परक्याला कोण विचारतं? तरी मावशी त्या हाताकडे बघत राहिली.

बसमधून घरी येताना त्याने तिला नव्या संचाची दोन पाकिटं दिली आणि नियमांचा घडीचा कागद. "तुम्हाला सांगणार होतो," तो म्हणाला. "बरं," ती म्हणाली. "रोज म्हणायचो, आज सांगू." "बरं झालं, आज कळलं." मावशीच्या मनात होतं ते पत्त्यांचं नव्हतंच. गेले चार-सहा महिने जावयाच्या गुरुवारच्या शर्टाला लवंगेच्या तेलाचा वास येत होता. धुणाऱ्या बाईच्या नाकापासून काय लपतं? धुलाईखान्यात ती चादर नुसती झटकून सांगायची, ह्या पेशंटला ताप आहे की नाही. लवंगेचं तेल म्हणजे दातांचा दवाखाना, आणि जावयाचे दात बत्तीसच्या बत्तीस ठणठणीत. एकदा खिशातून केसाची एक काळी पीन निघाली होती. ती तिने धुऊन, पुसून, पुन्हा त्याच खिशात ठेवून दिली. राग नव्हता आला. तो चाळिशीचाही नव्हता अजून. लेकीनेच जाण्याआधी आईला बजावलं होतं, ह्याला एकटा ठेवू नका, हा एकटा राहिला की बटाट्यासारखा अंधारात कोंब काढत बसतो. नाही, राग नव्हता. भीती होती, आणि ती अगदी साधी होती. मुलगी असते तोवर सासू ही सासू असते. मुलगी गेल्यावर ती जावयाची कोण? त्याला शब्दच नाही. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली की विचारायची, "तुम्ही अजून इथेच का? भाच्याकडे नाही का जात?" मावशी म्हणायची, "जाईन की." घरात दुसरी बाई आली म्हणजे ह्या 'अजून'ला काही आधार उरणार नव्हता, आणि तो स्वतःहून कधी जा म्हणणार नाही हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तो विचारतच बसेल. घेऊ का, आई? राहू दे, तुम्हाला लागणार असेल तर. आणि तसाच म्हातारा होईल.

सोमवारी तो कामावर गेल्यावर तिने नवी पाकिटं फोडली. कोऱ्या पत्त्यांना एक वास असतो, इस्त्रीखालून निघालेल्या कापडासारखा. तो तिने आधी पोटभर घेतला. मग नियमांचा कागद पसरून, बोट ठेवून, ओठ हलवत वाचायला बसली. काही वाक्यं तीन-तीनदा वाचावी लागली. एक पत्ता होता किनारा झाडणाऱ्याचा. हातात खराटा, पाण्याने आणून टाकलेलं सगळं तो ढिगाला लावतोय आणि तोंडावर असा भाव, की हे काय कमी होतं म्हणून आणखी आणलंत? ती एकटीच हसली. ह्या माणसाला ती ओळखत होती. सकाळी गाडीने गठ्ठे आणून ओतले की धुलाईखान्यात सगळ्यांची तोंडं अशीच व्हायची. खाली लिहिलं होतं, वाहून गेलेला एक पत्ता परत हातात घ्या, पण दुसऱ्या जागेवर मांडा. दुसऱ्या जागेवर. तिने बोट तिथेच ठेवलं. मग आपलीच आपल्याशी एक बाजू डावीकडे, एक उजवीकडे मांडून ती खेळून पाहायला लागली. पहिल्या डावात सगळं बुडालं. दुसऱ्यात तिने पहारेकऱ्याला नुसतं शेजारच्या जागेवर सरकवलं, पाणी त्याच्या पायाखालून गेलं, आणि तिला अशी काही मजा वाटली की दूध उतू गेल्याचा वासही उशिरा आला. ओटा पुसताना तिला लाज वाटली. खेळ जुन्यापेक्षा चांगला झाला होता. हे असं वाटणं म्हणजे लेकीच्या पाठीमागे तिचं काहीतरी वाईट बोलण्यासारखं होतं. पण लेक असती तर? सगळ्यात आधी तिनेच पाकिटं फोडली असती, दातांनी.

दुपारी तिने लेकीने जुळवलेला डाव काढला आणि जुन्या संचांचे पत्ते बाजूला केले. नुसतं बाजूला काढून चालणार नव्हतं हे तिला कामातून माहीत होतं. धुलाईखान्यात चादर बाद झाली की तिचा एक कोपरा कापत. लिहून ठेवून उपयोग नसे, वाचणारं कोण होतं? कोपरा कापला की घडी घालताना बोटाला कळायचं आणि चादर पुन्हा गठ्ठ्यात जायची नाही. कारण मोह व्हायचा तो धुणाऱ्यांनाच. जुनी चादर हाताला मऊ लागते, कुणालाही वाटतं, आणखी एक खेप चालेल. आणि मग ती रात्री कुठल्यातरी पेशंटच्या अंगाखाली टरकन फाटते. मावशीने कपाटातून कात्री आणली. खोटं खेळायचं नाही. चुकून आपला हातच एखादा जुना पत्ता आत सरकवेल, आणि समोरची पोर पुन्हा दोन बोटांनी परत देईल. आणि मनात तळाशी आणखी एक होतं, ते तिने वर काढून पाहिलं नाही: हे पत्ते धड आहेत तोवर तो वाट बघत बसेल. तिने पहिला कोपरा कापला. नखाएवढा तुकडा उडून फरशीवर पडला. मग दुसरा. पत्त्याचा कागद चादरीपेक्षा कडक, बोटं दुखायला लागली. जाळं विणणारी शेवटी राहिली. तिचाही कापला, जरा लहान कापला, दोऱ्याचं टोक तोंडात होतं तेवढं वाचवून.

संध्याकाळी जावई आला, हात धुतले, आणि टेबलापाशी येऊन उभा राहिला. कापलेल्या पत्त्यांची चळत दोऱ्याने बांधून तिथेच ठेवली होती. त्याने ती उचलली, अंगठा कोपऱ्यावरून फिरवला.

"आई, हे काय केलंत?"

"बाद झालेले वेगळे केले."

"कापलेत?"

"कोपरेच तर."

"अहो, पण घरी चालत होते ना!" त्याचा आवाज चढला. इतक्या वर्षांत ह्या घरात तो तिच्यावर पहिल्यांदा ओरडला. "फक्त दुकानातल्या सामन्यांना चालत नव्हते. घरी आपल्याला कोण अडवणार होतं? तिने एकेक जमवलेले आहेत हे. तिच्या हातचे."

मावशीला आत्ता आठवलं. इथल्या सामन्यांतून गेले, दाढीवाला म्हणाला होता. ते शब्द तिने ऐकले होते, पण ती तेव्हा जावयाकडे बघत होती. "मला कुणी सांगितलं का?" ती म्हणाली. "मला वाटलं, बाद म्हणजे बाद. आमच्याकडे बाद झालेलं घरीसुद्धा नेऊ द्यायचे नाहीत. तुम्ही स्वतःचे सगळे बदललेत आणि मला एका अक्षराने बोलला नाहीत. इतके दिवस लपवून ठेवलंत."

चळत हळूच खाली ठेवून तो समोर बसला. "तुम्हाला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"पत्त्यांचं? मी बघितलं की."

"नाही. तिचं." तो टेबलाकडे बघत होता. "म्हणून कापलेत ना? माझ्यावरच्या रागाने."

"रागाने कापलं असतं तर मधोमध कापलं असतं, जावईबापू."

त्याला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यातलं कुठलं आवरावं हे न कळून त्याने दोन्ही तळहात तोंडावर धरले. मावशीने त्याला रडू दिलं. लिफ्टच्या वंगणाने काळी पडलेली त्याची नखं ती बघत राहिली. ती कधी पूर्ण निघत नाहीत, लेकीने लिंबू चोळून पाहिलं होतं, रॉकेल चोळून पाहिलं होतं.

"तुमच्या शर्टांनी सांगितलं," ती जरा वेळाने म्हणाली. "दर गुरुवारी लवंग. एवढे कुठले दात दुखतात तुमचे?"

"ती तिथे पेशंटची नावं घ्यायला बसते. त्यांची लिफ्ट बंद पडली होती, तेव्हा..." तो थांबला. "दोनदा म्हणाली, मला तुमच्या घरी ने. मीच नेलं नाही. म्हटलं, तुम्हाला काय वाटेल."

"मला काय वाटायचंय," मावशी म्हणाली, आणि मग जे विचारायचं होतं ते तिने दुसऱ्याच बाजूने विचारलं. "ती इथे येणार, की तुम्ही तिकडे जाणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला भाच्याला कळवायला बरं."

जावयाने मान वर केली. ह्या वेळेला खाली घातली नाही. "भाच्याचं काय मधेच? मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलंय, माझ्या घरी माझी आई असते."

"सासू नाही सांगितलंत?"

"ते दुसऱ्या दिवशी सांगितलं. जरा घाबरली."

मावशीला हसायचं नव्हतं. तरी पोटातून हसू आलंच, आणि त्याबरोबर जिन्यातल्या बाईच्या त्या 'अजून'चं ओझंही कुठेतरी उतरलं. तिने पदराने नाक पुसलं. "खेळते का ती?"

"नाही. शिकव म्हणते. मी म्हटलं, राहू दे, आम्ही इतकी वर्षं खेळतोय, तुला फार जड जाईल."

"काय पण अक्कल!" मावशी म्हणाली. जावयाला असं ती कधी बोलली नव्हती; बोलून गेल्यावर बरं वाटलं. "आम्ही म्हणजे कोण? परवा तुम्ही हरलात. मी आज सकाळपासून माझ्याशीच हरतेय. ह्या भरतीतलं तुम्हाला काय येतं, सांगा बघू? मला तरी काय येतं? आत्ता आली तर आपल्या बरोबरीने चुकेल. सहा महिन्यांनी आणलीत तर तोवर आपण शहाणे झालेलो असू, आणि मग बिचारीला जन्मभर आपलं शिकवणं ऐकून घ्यावं लागेल. कुठल्या बाईला आवडेल ते?"

त्याने खिशातून फोन काढला. "फोन करू?"

"जेवून करा," ती म्हणाली. मग, "नाही, आधीच करा. नाहीतर जेवताना तुमचं लक्ष नसेल, आणि मला विचारत बसाल, करू का, करू का."

तो फोन घेऊन गॅलरीत गेला. दार लोटलेलं होतं, तरी त्याच्या आवाजाची लय आत येत होती. आधी अडखळत, मग एक वाक्य संपायच्या आत दुसरं. मावशीने नव्या पत्त्यांचे तीन ढीग लावले. मग तिच्या लक्षात आलं की टेबल भिंत आणि कपाट यांच्या मधे दाबून बसवलेलं आहे. दोन बाजू मोकळ्या, दोन बंद. तिसरी खुर्ची लावायची झाली तर जागाच नव्हती. टेबल सागवानी, अवजड. तिने त्याला हाक मारली नाही. बोलत होता तो. आधी एक पाय उचलून सरकवला, मग दुसरा, जरा थांबून दम घेतला, आणि कपाटाच्या बाजूने जाऊन पुन्हा ओढायला लागली.